रानडुकरांपासून पिकांचे रक्षण : कुंपणाचा भार वाटून घ्या

'कुंपणच शेत खाते' ही म्हण आपल्याकडे राखणदारच चोर निघाला म्हणजे वापरतात. परंतु डोंगराच्या पायथ्याशी शेती करणाऱ्या लहान शेतकऱ्याला तिचा दुसराही अर्थ ठाऊक आहे. एक-दोन एकरांच्या तुकड्याला पक्के कुंपण घालावयाचे, तर त्याचा खर्चच त्या तुकड्याचे उत्पन्न खाऊन टाकतो. म्हणून तो कुंपण घालीत नाही. आणि कुंपण नाही म्हणून रानडुकरे पीक खातात. या पेचातून सुटण्याचा मार्ग कोणता, शासनाचे साहाय्य कोठपर्यंत पोचते, आणि गावाने आपण होऊन काय करावयाचे, याचा विचार या लेखात केला आहे.

उपद्रवाचे स्वरूप

दौलताबादचा किल्ला ज्या डोंगररांगेत उभा आहे, तीच रांग पुढे खुलताबाद, वेरूळ व कन्नडकडे जाते. डोंगरांवर झुडपी जंगल, उतारावर वनखात्याची जमीन, आणि पायथ्याशी शेतकऱ्यांची मळई व मुरमाड शेते, अशी येथील रचना आहे. दौलताबादचे पेरू, सीताफळे व अंजीर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या जोडीला मका, भुईमूग, तूर, आणि खुलताबाद-कन्नडकडे आले, ही पिके घेतली जातात. यांपैकी मका व भुईमूग ही रानडुकरांची विशेष आवडती पिके होत.

रानडुकराची दृष्टी मंद, पण नाक अतिशय तिखट असते. दिवसा ते झुडपांत, नाल्याच्या दाट कडेला किंवा उभ्या उसात पडून राहते आणि रात्री कळपाने बाहेर पडते. ते खाते त्याहून नासधूस अधिक करते. मक्याचे कणीस चिकात आले की ताटे आडवी करून कणसे फोडते. भुईमुगाच्या ओळी मुसकटाने उकरून काढते. ओलावा दिसला की बांध व पाटही उलथून टाकते. मादी सुमारे पावणेचार महिने गाभण राहते व एका वेळी बहुधा चार ते सहा पिल्ले देते. त्यामुळे अन्न व आसरा मिळाल्यास कळप लवकर वाढतो.

याला तोंड देण्यासाठी शेतकरी पूर्वापार माळ्यावर बसून जागल करीत आला आहे. गोफण, डबे, मशाली, बुजगावणी आणि अलीकडे शेताभोवती बांधलेली जुनी लुगडी, हे सर्व उपाय थोडे दिवस चालतात. रानडूक्कर सावध असले तरी लवकर सरावते. ज्या वस्तूपासून इजा होत नाही, तिची भीती त्याला फार दिवस वाटत नाही. आणि दोन महिने रात्री जागून दिवसा कष्ट करणे कोणत्याही कुटुंबाला परवडत नाही.

प्रथम ओळख पटवावी

उपाय योजण्यापूर्वी नुकसान कोणी केले हे पाहणे अवश्य आहे. गावातील पाळीव डुकरे मोकाट सुटूनही शेतात शिरतात. त्यांच्या नुकसानीचा प्रश्न वनखात्याकडे जात नाही. ती मालकाची जबाबदारी आहे. १८७१ च्या गुरे-अतिक्रमण कायद्यात 'गुरे' या शब्दात डुकरांचाही समावेश आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अशा वेळी ग्रामपंचायतीकडे जावे. उलट रानडुक्कर हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे व परवानगीवाचून त्याची शिकार करणे हा गुन्हा आहे. मात्र त्याने केलेल्या पीकहानीबद्दल वनखात्याकडून भरपाई मिळू शकते. पंचनाम्याच्या वेळी खुरांचे ठसे, उकरलेली जमीन व मोडलेली ताटे जशीच्या तशी दाखविता यावीत, म्हणून पंचनामा होईपर्यंत शेत आवरू नये.

एकट्याचे कुंपण महाग का पडते

कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नव्हे, तर कडेच्या लांबीवर अवलंबून असतो. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

डोंगराच्या बाजूला लागून असलेले ६६० फूट लांब व ६६० फूट रुंद असे एक चौरस शिवार घ्या. त्याचे क्षेत्र बरोबर १० एकर भरते. हे शिवार वाटण्या होऊन चार भाऊबंदांत ४, ३, २ व १ एकर असे लांब पट्ट्यांनी विभागले आहे असे समजा. प्रत्येकाने आपापल्या पट्ट्याभोवती वेगळे कुंपण घातले, तर चार एकरवाल्यास १,८४८ फूट, तीन एकरवाल्यास १,७१६ फूट, दोन एकरवाल्यास १,५८४ फूट आणि एक एकरवाल्यास १,४५२ फूट लांबीचे कुंपण लागेल. एकूण लांबी ६,६०० फूट होईल. यांपैकी पुष्कळसे कुंपण भावाभावांच्या मधल्या बांधावर, म्हणजे जेथून डुक्कर येतच नाही तेथे, उभे राहील.

चौघांनी मिळून संपूर्ण शिवाराला एकच कुंपण घातले, तर लांबी केवळ २,६४० फूट भरते. ती एकरांच्या प्रमाणात वाटली, तर चौघांच्या वाट्यास अनुक्रमे १,०५६, ७९२, ५२८ व २६४ फूट येतात. प्रत्येकाचाच लाभ होतो. आणि सर्वांत लहान शेतकऱ्याचा लाभ सर्वांत मोठा होतो. एकट्याने १,४५२ फुटांचा भार उचलणारा मनुष्य २६४ फुटांवर येतो.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. एकाच शेताला कुंपण घातल्याने कळप नाहीसा होत नाही. तो शेजाऱ्याच्या शेतात वळतो. ज्याच्यापाशी पैसा आहे तो आपले रान राखतो आणि ज्याच्यापाशी नाही त्याचे नुकसान वाढते. गावात त्यामुळे कटुता येते. सामायिक कुंपणात हा दोष पुष्कळ कमी होतो.

ही कल्पना नवी नाही. जुन्या मुंबई इलाख्यात सहकारी कुंपण संस्था व पीकसंरक्षण संस्था निघाल्या होत्या. पीकसंरक्षण संस्था सभासदांकडून वर्गणी घेऊन राखणदार नेमीत असत. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. परंतु गावाने मिळून राखण करण्याची रीत येथेही अनोळखी नाही.

शासनाचे साहाय्य

महाराष्ट्र शासनाने २०१५ साली डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू केली. प्रारंभी ती व्याघ्र प्रकल्पांच्या भोवतालच्या गावांसाठी होती. पुढे अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांच्या आसपासच्या गावांपर्यंत तिचा विस्तार झाला. या योजनेत सौर ऊर्जेवर चालणाऱ्या कुंपणाच्या संचासाठी शेतकऱ्यास किमतीच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती, अनुदान म्हणून देण्याची तरतूद करण्यात आली. संच २०,००० रुपयांचा असेल तर अनुदान १५,००० व शेतकऱ्याचा वाटा ५,००० रुपये होतो. संच २८,००० रुपयांचा घेतल्यास अनुदान १५,००० वरच थांबते आणि शेतकऱ्यास १३,००० रुपये घालावे लागतात. म्हणून विक्रेता सांगेल तो मोठा संच न घेता, कुंपणाच्या लांबीस पुरेल इतकाच घ्यावा.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. कन्नड तालुक्यात गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे. त्याच्या जवळची गावे आणि दौलताबाद परिसरातील गावे यांची स्थिती सारखी नाही. केवळ डोंगर जवळ आहे म्हणून गाव योजनेत बसेलच असे नाही. अर्ज करण्यापूर्वी वनक्षेत्रपालांच्या कचेरीत चार गोष्टी विचारून घ्याव्यात : गाव पात्र यादीत आहे काय, चालू वर्षी निधी उपलब्ध आहे काय, अनुदान खरेदीपूर्वी मिळते की नंतर, आणि लगतच्या शेतकऱ्यांना आपले संच जोडून एकच रेषा आखता येईल काय. उत्तरे शक्य तर लेखी घ्यावीत. अनुदान मंजूर होण्यापूर्वी कर्ज काढून खरेदी करू नये.

गटाने केलेल्या कामास अधिक साहाय्य देण्याचे धोरण इतर राज्यांत आढळते. हिमाचल प्रदेशाच्या खेत संरक्षण योजनेत सौर कुंपणासाठी एकट्या शेतकऱ्यास ८० टक्के, तर तीन किंवा अधिक शेतकऱ्यांच्या गटास ८५ टक्के साहाय्य ठेवण्यात आले. राजस्थानच्या तारबंदी योजनेतही दहा किंवा अधिक शेतकऱ्यांच्या गटासाठी साहाय्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. गटाच्या कुंपणावर खर्च केलेला रुपया अधिक एकरांचे रक्षण करतो, हेच वरील हिशेबावरून दिसते. आपल्या ग्रामसभांनी अशाच आशयाचे ठराव करून वरिष्ठांकडे पाठविणे उचित होईल.

ज्यांचे गाव कोणत्याही योजनेत बसत नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. एकत्र कुंपणाने वाचणारी रक्कम हे स्वतःच एक प्रकारचे अनुदान आहे.

झटका यंत्राचे कुंपण

सौर कुंपणात सौर पट्टी, बॅटरी, ज्याला शेतकरी 'झटका मशीन' म्हणतात ते यंत्र, खांब, विजेचा प्रवाह न सोडणारे चिमटे आणि तारा, इतके साहित्य येते. यंत्र तारेत सुमारे सेकंदास एक याप्रमाणे विजेचा ठोका सोडते. ठोक्याचा दाब काही हजार व्होल्टांचा असला, तरी तो क्षणाच्या अत्यंत लहान अंशापुरताच टिकतो. त्यामुळे प्राण्यास जोराचा झटका बसतो, परंतु दोन ठोक्यांच्या मध्ये त्याला मागे सरता येते. यंत्र भारतीय मानकांस अनुसरून बनविलेलेच घ्यावे.

रानडुक्कर कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून घुसते. म्हणून सर्वांत खालच्या तारेस महत्त्व आहे. पहिली तार जमिनीपासून सुमारे ८ इंचांवर, दुसरी १६ ते १८ इंचांवर व तिसरी अडीच फुटांवर असावी. जमीन उंचसखल असेल तेथे खांब जवळ जवळ रोवावेत, नाहीतर खोलगटात तारेखाली वाट राहते. ओढा व नाला ओलांडताना तीच दक्षता घ्यावी. बहुतेक कळप नाल्यानेच येतात. मात्र प्राण्यांचा पाण्याकडे जाण्याचा नेहमीचा मार्ग अडवू नये. नाला कुंपणाबाहेर ठेवून त्याच्या काठाने रेषा नेणे चांगले. वनखात्याच्या जमिनीत परवानगीवाचून एकही खांब रोवू नये, व पाणंद बंद करू नये.

मुरमाड जमिनीत या कुंपणाचे मर्म जमिनीशी केलेल्या जोडणीत, म्हणजे अर्थिंगमध्ये, आहे. जमीन कोरडी असेल तर झटका मंद बसतो. तीन सळया एकमेकींपासून सुमारे १० फुटांवर, शक्य तितक्या खोल व ओलसर जागी ठोकाव्यात आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी घालावे. ही जोडणी घरच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगशी मुळीच जोडू नये.

कुंपण मक्याचे कणीस भरण्यापूर्वी पुरे व्हावे, आणि तार ओढल्या दिवसापासून तिच्यात प्रवाह असावा. कळपाने एकदा निर्जीव तार ओलांडली, की पुढे त्याला वचक बसविणे कठीण जाते.

ज्यांना हेही परवडत नाही त्यांनी भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या व मक्याभोवती एरंडीच्या दाट ओळी पेराव्यात, अशी शिफारस करण्यात आली आहे. बांधावर घायपात, करवंद किंवा सागरगोटा यांची कुंपणे वाढविल्यास ती काही वर्षांनी उपयोगी पडतात. या उपायांनी कळपास अडथळा होतो. पूर्ण बंदोबस्त होतो असे समजू नये.

जीवघेणी चूक

कुंपणाच्या तारेत घरची किंवा मोटारीची वीज सरळ सोडण्याची चूक काही ठिकाणी होते. हा प्रवाह अखंड वाहतो व तारेस लागलेला हात सुटत नाही. अशा तारेला रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, गुरे शोधणारा मुलगा, किंवा तार लावणारा स्वतःच बळी पडतो. कायद्याने हा गुन्हा आहे. परंतु शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट ही की गेलेला जीव परत येत नाही. एका हंगामाच्या मक्याची किंमत माणसाच्या जिवाएवढी नाही. गावात अशी तार कोठे आढळल्यास ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो घरगुती मामला समजून गप्प बसू नये. त्याच दिवशी वीज कंपनीच्या कचेरीस कळवावे. विषारी आमिषे व स्फोटक गोळे यांचाही हाच नियम आहे. त्यांनी गुरे, कुत्री व मुले दगावतात.

झटका यंत्राचा प्रवाहही काटेरी तारेत सोडू नये, कारण अडकलेला मनुष्य किंवा जनावर सुटू शकत नाही. वाटेच्या बाजूस ठळक पाट्या लावाव्यात आणि शाळकरी मुलांना त्यांचा अर्थ समजावून सांगावा.

वर्गणी कशी ठरवावी

सामायिक काम बहुधा पैशापेक्षा हिशेबावरून मोडते. म्हणून आरंभीच पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. यंत्र, बॅटरी, तारा व खांब यांचा खर्च एकरांच्या प्रमाणात घ्यावा. एकूण खर्च ४०,००० रुपये आला असे धरले, तर वरील उदाहरणातील चौघांच्या वाट्यास १६,०००, १२,०००, ८,००० व ४,००० रुपये येतील. ज्यास अनुदान मिळेल त्याने ते आपल्या वाट्यात जमा धरावयाचे की सर्वांच्या, हे आधीच ठरवावे.

२. ज्याच्या बांधावर खांब येतात त्याची थोडी जमीन अडते. त्याबद्दल त्यास मजुरीत किंवा वर्गणीत सूट द्यावी.

३. रोख देणे ज्यास शक्य नाही त्याचे श्रम मजुरीच्या दराने वर्गणीत धरावेत.

४. शेत बटाईने दिले असल्यास साहित्याचा खर्च जमीनमालकाने करावा, कारण सातबारा त्याच्या नावाचा असतो व साहित्य त्याच्या जमिनीत राहते. रोजची निगा बटाईदाराने ठेवावी.

५. दुरुस्तीसाठी दरवर्षी थोडी रक्कम वेगळी काढून ठेवावी. बॅटरी कायमची टिकत नाही.

६. मतभेद झाल्यास निर्णय कोणी द्यावयाचा, त्या व्यक्तीचे नाव आधीच ठरवावे.

निगा

देवगिरीचा किल्ला बळाने घेणे फार कठीण, असा त्याचा लौकिक होता. ताशीव कडा, खोल खंदक, एकामागून एक तट, हे सर्व आजही पाहावयास मिळते. तरीही १२९६ साली अल्लाउद्दीन खलजीने वेढा दिला, तेव्हा रामदेवरायांना तह करावा लागला. किल्ल्यात धान्याची म्हणून आणलेली पोती उघडली तो त्यांत मीठ निघाले, अशी हकीकत इतिहासकार फिरिश्ता याने दिली आहे. तट शाबूत होता. आतील तयारी कोणी तपासून पाहिली नव्हती.

कुंपणाचेही असेच आहे. पावसाळ्यात गवत वाढून तारेस टेकले की प्रवाह जमिनीत उतरतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारे कुंपण निकामी होते. म्हणून आठवड्यातून एकदा गवत कापणे, रोज सायंकाळी मोजणी-यंत्राने दाब पाहणे आणि सौर पट्टीवरील धूळ पुसणे, ही कामे पाळीने वाटून घ्यावीत. पाळीची वही ठेवावी. ज्या दिवशी वहीत सही नाही, त्या रात्री कुंपण नाही असेच समजावे.

नुकसान झालेच तर

कुंपण असूनही कधी नुकसान होईल. अशा वेळी तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. छायाचित्रे तारखेसह काढावीत. पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. पीकविम्याचा मार्गही आता खुला होत आहे. वन्य प्राण्यांनी केलेल्या पीकहानीस २०२६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजनेत जादा संरक्षण म्हणून स्थान देण्याचे केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. त्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आहे. हे संरक्षण आपल्या जिल्ह्यास व पिकास लागू झाले आहे काय, याची विमा भरताना खात्री करून घ्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस

गावात यंत्र वाटण्यापूर्वी नकाशा करावा, ही विनंती. डोंगराच्या बाजूचे गट क्रमांक एका कागदावर उतरून घ्या; कळप कोणत्या नाल्याने येतो ते शेतकऱ्यांस विचारून त्यावर खूण करा; लगतच्या खातेदारांस एकत्र बसवून लांबीचा हिशेब त्यांच्यासमोर मांडा. चार शेजारी एका रेषेस कबूल झाले म्हणजे अर्धे काम झाले. त्या बैठकीस एक एकरवाल्यास अवश्य बोलवावे. तो बहुधा मागे बसतो व बोलत नाही. परंतु एका रात्रीत ज्याचे वर्षाचे पीक जाते तो तोच असतो, आणि या योजनेचा सर्वांत मोठा लाभही त्याचाच आहे. पुढील पेरणीपूर्वी प्रत्येक डोंगरपायथ्याच्या गावात निदान एक तरी असे सामायिक कुंपण उभे राहावे, यासाठी आतापासूनच प्रयत्न करावा.